नागसेनदादांची ओली जमीन

आमच्या गावात नागसेनदादांना शिव्या न दिलेली बाई सापडणं कठीण. मीही दिल्यात. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून माझ्या शिव्या जरा शुद्ध होत्या, एवढाच फरक.

दादा वायरमन आहेत. त्यांना पंखा टांगायला बोलवा नाहीतर बटण बदलायला, काम राहतं बाजूला आणि त्यांची नजर आधी जाते वलणीकडे. आमच्याकडे निम्मी घरं पत्र्याची. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला एक टोक, समोरच्या लिंबाला दुसरं, मध्ये ताणलेली तार, की झाली कपडे वाळत घालायची सोय. दादा कुणाला विचारत नाहीत. पक्कड काढतात, तार तोडतात, गुंडाळून पिशवीत टाकतात आणि त्याच पिशवीतून निळी नायलॉनची दोरी काढून तिथं बांधतात. धुतलेले कपडे मातीत पडले तर पडले.

माझ्या शेजारच्या बायनाबाईचं लग्नाला नेसायचं लुगडं असंच एकदा शेणात पडलं होतं. बायनाबाई साठीच्या पुढची, घरची शेती, आवाज असा की बैलसुद्धा वळून बघतो. ती खराटा घेऊन दादांच्या मागं लागली. "मुडद्या, तुला डोळे हायत का गारगोट्या?" दादा अंगणाबाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथून म्हणाले, "मावशी, मारा खुशाल, पण दोरीवर वाळू घाला. खांबावरून आलेली वायर तुमच्या पत्र्यावर घासायली. वाऱ्यानं कापली की करंट पत्र्यात, पत्र्यातून तारंत, अन् तारंतून तुमच्या वल्या हातात. मग मला शिव्या द्यायला कोण राहील?"

बायनाबाईनं खराटा टाकला. शिव्या मात्र संपवूनच थांबली.

दिसायला दादा म्हणजे कुणाच्या लक्षातही राहू नये असा माणूस. पन्नाशी उलटलेली, अंगानं चिपाड, खिशाला टेस्टर, दिवाळीपासून होळीपर्यंत कानाला एकच तपकिरी मफलर. आमच्या परभणीकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. उन्हाळ्यात भाजून काढणारा हा जिल्हा पौष-माघात असा गारठतो की सकाळी खडू हातात धरवत नाही. मग गावभर पाणी तापवायच्या कांड्या बादल्यांत पडतात, आणि वादळाचा तर आता धरबंधच राहिलेला नाही. मे महिन्यात येतं, जानेवारीतही येतं. थंडीत करंट वापरायचा जास्त, वादळानं वायरी तुटायच्या जास्त, आणि दोन्हींच्या मध्ये हा एक चिपाड माणूस पिशवी घेऊन फिरायचा.

त्यांचा खरा छंद होता अर्थिंगचा. तीस वर्षं ते प्रत्येक घरात एकच गोष्ट सांगत आले. गिझरमध्ये, फ्रिजमध्ये, पत्र्यात चुकून करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. म्हणून खड्डा खणायचा, पाइप पुरायचा, भोवती मीठ-कोळसा भरायचा आणि तो खड्डा ओला ठेवायचा. आमची काळी माती सुकली की भेगाळते, पाइपाला सोडते, आणि वाट बंद होते. मग करंट माणसातून वाट काढतो.

लोक खड्डा खणून घ्यायचे. पाणी मात्र कोण टाकणार? दोन दिवस टाकायचे, तिसऱ्या दिवशी विसरायचे. दादांनी वर्षभर सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून पाहिलं आणि मग ओरडणं सोडलं. ते खड्डा थेट तुळशीच्या बुडाशी घ्यायला लागले. घरातली बाई सगळं विसरेल, तुळशीला पाणी घालायचं विसरणार नाही. आमच्या गल्लीतल्या एकूण एक तुळशींखाली दादांचा पाइप आहे. बायनाबाई रोज सकाळी डोळे मिटून, हात जोडून, पुटपुटत अर्थिंगला पाणी घालते.

मी एकदा त्यांना चिडवलं होतं. "दादा, तुम्ही बौद्ध. तुळस मानत नाही, आणि गावभर तुळशीची सेवा करवून घेता?"

"मी तुळस मानत न्हाई बाई," ते वायर सोलत म्हणाले. "पाणी मानतो."

त्यांच्या वस्तीत तुळशी नाहीत. तिथं खड्डे रांजणाखाली, नाहीतर न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथं. "आणि तुमच्या घरी?" मी विचारलं.

"मागच्या भिंतीला हाय. आमच्या घरामागची जमीनच वली हाय, बाई. बावीस वर्षं झाली, बघावं लागलं न्हाई. नशीब लागतं त्याला." हे त्यांनी मला एकदा नाही, दहादा सांगितलं असेल. दादांना स्वतःच्या कशाचंच कौतुक नव्हतं. त्या जमिनीचं तेवढं होतं.

त्यांच्या घरी सगुणावहिनी होत्या. ठेंगण्या, अबोल, कायम कामात. दादा सकाळी ओसरीवर बसून पिशवी भरायचे, पक्कड, चिकटपट्टी, दोरीचं बंडल, आणि वहिनी घराभोवती काहीतरी करत असायच्या. काय करायच्या ते मी कधी पाहिलं नाही. बायकांची कामं दुसऱ्या बायकाही पाहत नाहीत, हे लिहिताना मला लाज वाटते. गेल्या वर्षी पाऊस सरता सरता वहिनींना कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग सोनपेठचा दवाखाना, मग परभणी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या चार दिवस आधी त्या गेल्या.

त्यानंतर दादा थकले. काम थांबलं नाही, पण पायऱ्या चढताना ते भिंतीला हात लावायला लागले. वलणीची तार दिसली की पूर्वी पक्कड आधी निघायची, आता आधी सुस्कारा निघायचा. "लय झालं बाई," ते म्हणायचे. "तीस वर्षं तेच सांगायलो. लोकायला मरायची घाई हाय, अन् मला अडवायचा कंटाळा आलाय." त्यांच्या ओसरीवर पसारा वाढत गेला. वहिनींचा एक पिवळा प्लास्टिकचा मग मागच्या भिंतीला खिळ्याला टांगलेला असायचा. तो काढून आणून दादांनी त्यात स्क्रू भरले होते. मी एकदा म्हटलंही, "दादा, आंघोळीच्या मगात स्क्रू?" तर म्हणाले, "मागं नुसताच लटकायला होता. कामाचा न्हाई."

जीव धरून राहायला त्यांच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. मुलगी सुकेशनी. ती सेलूला दिलेली, जावई सिद्धोधन तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिला आठवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी. आई नाही तर कसलं माहेर, असं तिची सासू म्हणाली होती म्हणे. दादांना ते फार लागलं. "आई न्हाई तर बाप हाय की," ते मला म्हणाले. "बाई, तुमीच सांगा, काय काय लागतं?" मी यादी सांगितली. त्यांनी ती टेस्टरच्या खोक्यावर लिहून घेतली. बाज विणून आणली, दुपटी आणली, बायनाबाईला बाळाच्या आंघोळीसाठी सांगून ठेवलं. ती "येते की, तुज्या लेकीसाठी नको येऊ?" म्हणाली आणि वर दोन शिव्या दिल्या, म्हणजे नक्की येणार. आणि थंडीत पोरीला चुलीच्या धुरात बसायला नको, म्हणून दादांनी कुणाचा तरी काढून टाकलेला गिझर दुरुस्त करून न्हाणीत बसवला. त्या गिझरला ते दिवसातून दोनदा हात लावून बघायचे.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी सिद्धोधन सुकेशनीला सोडून गेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ आलं.

एवढं वाईट वादळ जानेवारीत मी पाहिलं नव्हतं. आधी वारा, मग बोराएवढ्या गारा. शाळेच्या व्हरांड्यात पोरं कान झाकून बसली. अर्ध्या तासात उभी ज्वारी आडवी झाली, वस्तीतले चार पत्रे उडाले, तीन खांब वाकले. संध्याकाळी अंधार आणि असा गारठा की गोधडीत गोधडी घातली तरी पाय गरम होईनात. लाईट यायला दोन दिवस लागले.

लाईट आली तेव्हा खरी भांडणं सुरू झाली. दादा घरोघर फिरून सांगत होते, "मेन स्विच चालू करू नका. मी बघितल्याबिगर न्हाई." लोक दोन दिवस थंडीनं काकडलेले, कुणाच्या घरात लहान लेकरू, कुणाकडं म्हातारं माणूस. कोण ऐकतं? दादा एकेका पत्र्यावर चढून वायर तपासायचे, कापलेली असली तर बदलायचे, खाली उतरून टेस्टर लावायचे आणि मगच खटका वर करायचे. बायनाबाईच्या पत्र्यावर ती घासणारी वायर खरोखरच कापलेली निघाली. पत्र्याला टेस्टर लावला तर लाल दिवा लागला. बायनाबाई निळ्या दोरीकडं बघत राहिली. त्या दिवशी तिनं एकही शिवी दिली नाही, उलट दादांना चहा दिला, आणि तो पिताना ते उभ्याउभ्याच पेंगले.

"आता घरी जाऊन पडा," मी म्हटलं. "तुमचं घर बघितलं का?"

"माजं काय बघायचं? माजं मीच केल्यालं हाय." आणि ते पुढच्या घरात शिरले. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांनी चाळीसेक घरं केली असतील. स्वतःच्या घराचा खटका त्यांनी अंधारात, झोपेच्या गुंगीत, न बघता वर केला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

त्या तिसऱ्या दिवसानंतरच्या सकाळी, शनिवारची सकाळची शाळा होती, मी शाळेत जाताना सुकेशनीसाठी मेथीचे लाडू घेऊन गेले. सात वाजले होते, तोंडातून वाफ निघत होती. दादा ओसरीवर पिशवी भरत बसले होते, डोळे लाल. सुकेशनी न्हाणीत गेली होती. गिझर चालू होता. बादली ठेवल्याचा आवाज आला, मग तिचा हसरा आवाज.

"अण्णा, नळाला मुंग्या यायल्यात की हो."

दादांच्या हातातलं बंडल पडलं. "हात काढ! सुके, हात काढ, भाईर ये!" मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. ते न्हाणीकडं धावले नाहीत, मेन स्विचकडं धावले. खटका खाली गेला, दिवा गेला. सुकेशनी दारात येऊन उभी होती, एक हात पोटावर, एक हात पुढं धरलेला, अजून हसावं की घाबरावं ते कळत नसलेली. दादांनी तिचा तो हात दोन्ही हातांत धरला, उलटसुलट बघितला.

तिला माझ्याजवळ बसवून त्यांनी खटका पुन्हा वर केला आणि नळाला टेस्टर लावला. दिवा लागला. मंद, पण लागला. वादळानंतरच्या कमी-जास्त करंटनं गिझर आतून बिघडून पाण्यात करंट सोडत होता. त्यांनी पुन्हा खटका पाडला.

मला वायरिंगमधलं काही कळत नाही, पण एक गोष्ट माहीत होती. मागच्या मे महिन्यातल्या वादळानंतर दादांनी माझ्या घरी एक स्विच बसवला होता. करंट गळायला लागला की तो आपोआप पडतो आणि माणूस वाचतो. दुकानात त्याला ईएलसीबी म्हणतात. मी विचारलं, "दादा, तो पडणारा स्विच का नाही पडला?"

मी बोर्डाकडं बघितलं. त्या स्विचची जागा रिकामी होती, दोन वायरी थेट जोडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली.

"तो तुमच्याकडं हाय, बाई," सुकेशनी हळूच म्हणाली. "आई सांगायली व्हती. तवा दुकानं बंद व्हती, अन् तुमच्या न्हाणीत करंट उतरला व्हता. अण्णांनी आपला काढून तुमाला लावला. उद्या दुसरा आणतो म्हणले."

तो उद्या आठ महिने उगवला नव्हता. माझ्या न्हाणीत मी रोज निर्धास्त आंघोळ करत होते, आणि ती निर्धास्ती या पोटुशी पोरीच्या डोक्यावरून काढून मला दिलेली होती. रागही आला, त्यांचा आणि माझाही.

"तो न्हाई तर न्हाई," दादा अचानक जोरात म्हणाले, जणू कुणी त्यांच्यावर आळ घेत होतं. "अर्थिंग हाय की माजं! अर्थिंग असताना नळाला यायलंच न्हाई पाहिजे!" आणि ते घरामागं गेले. आम्ही दोघी त्यांच्या मागं.

मागच्या भिंतीजवळ पाइपाचं तोंड जमिनीतून वीतभर वर आलेलं होतं. वादळातल्या गारा समोरच्या बाजूला पडल्या होत्या, इथं छपराचा आडोसा, वर पत्रा चांगला पुढं आलेला. जमीन पांढरी पडलेली. पाइपाभोवती भेग अशी की दादांची चार बोटं आत गेली. ते गुडघ्यावर बसले आणि बोटांनी आत चाचपत राहिले.

"ही सुकली कशी?" ते म्हणाले. "ही जमीन वली असती. बावीस वर्षांत एकदाबी सुकली न्हाई. उन्हाळ्यात सुकली न्हाई."

सुकेशनी भिंतीला टेकून उभी होती. भिंतीतल्या एका खिळ्याकडं बघत होती. "आईचा मग कुटं हाय?"

"कसला मग?"

"हितं असायचा की, अण्णा. पिवळा." ती थांबली. मग तिला कळलं की बापाला माहीतच नाही, आणि तिचा आवाज बारीक झाला. "आई रोज पाणी टाकायची हितं. भांड्याचं धुवण, न्हाईतर साधं पाणी. सकाळी, तुमी पिशवी भरायचे तवा."

"कोण म्हणलं तिला?"

"तुमीच म्हणला व्हता म्हणं. घर बांधलं तवा. एकदा."

दादांनी भेगेतली बोटं बाहेर काढली आणि लागलेली कोरडी माती चोळत राहिले. लांब कुठंतरी कोंबडा ओरडत होता, रस्त्यावरून सोनपेठची पहिली बस गेली. ते म्हणाले, "मला वाटलं जमीनच वली हाय." मग माझ्याकडं बघितलं, कबुली द्यावी तसं. "बाई, साऱ्या गावाला सांगितलं मी. आमची जमीनच वली हाय म्हणून."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. गावातल्या सगळ्या बायकांना तीस वर्षं पाणी टाका, पाणी टाका म्हणून बेजार करणारा हा माणूस, आणि ज्या एका बाईनं एकदा ऐकून बावीस वर्षं ते केलं तिला त्यानं शाबासकी सोडाच, विचारलंही नव्हतं. आणि विचारलं असतं तरी त्या माउलीनं "त्यात काय एवढं" म्हणून पदर खोचला असता. दादांवर रागावता येईना. मी तरी कुठं पाहिलं होतं?

ते उठले, भिंतीला हात लावून. ओसरीवर गेले. स्क्रूनं भरलेला पिवळा मग त्यांनी उचलला आणि बाजेवर उपडा केला. नव्या विणलेल्या बाजेच्या फटींतून स्क्रू खाली गळायला लागले. त्यांना त्याचं भान नव्हतं. नंतर त्यांनी तो मग धुतला, दोनदा, आतली माती बोटानं काढली. बादली घेऊन मागं आले. सुकेशनी म्हणाली, "द्या अण्णा, मी टाकते." "वजन उचलू नको," म्हणाले, आणि खाली बसले.

पहिला मग भेगेत गेला, वर काहीच दिसलं नाही. दुसरा गेला. तिसरा. माती नुसती पीत होती. त्यांचा फोन खिशात वाजायला लागला, कुणाच्या तरी घरी खटका पडत असणार. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. शाळेची घंटा झाली. मी शाळेत कधी उशिरा गेले नव्हते, त्या दिवशी गेले.

बादली निम्मी झाल्यावर दादा थांबले. मग हातात तसाच. ज्यानं गावातल्या प्रत्येक घरी मीठ किती, कोळसा किती, पाणी किती, हे तोंडपाठ सांगितलं होतं, तो माणूस लेकीकडं वळला.

"सुके, किती मग टाकायची गं ती?"

सुकेशनीनं भिंतीतल्या खिळ्याकडं बघितलं. मग मान हलवली.

"म्या बी बघितलं न्हाई, अण्णा."

दादांनी मग पुन्हा बादलीत बुडवला.